ध्वनिक्षेपक तार

विवर्धकात (ध्वनिसंदेशाची विद्युत् शक्ती वाढविणाऱ्या साधनात) तयार झालेली शक्ती ध्वनिक्षेपकापर्यंत, म्हणजे रूढ भाषेत लाउडस्पीकरपर्यंत, वाहून नेणाऱ्या दोन संवाहकांच्या जोडीस ध्वनिक्षेपक तार असे म्हणतात. ही तार स्वतः ध्वनी निर्माण करीत नाही अथवा त्यात सुधारणाही करीत नाही. मिळालेली शक्ती शक्य तितकी कमी घट होऊ देऊन पुढे पोहोचविणे एवढेच तिचे कार्य असते. हे कार्य ती कितपत चांगले करील, हे मुख्यतः तिची जाडी, लांबी व तिला जोडलेल्या ध्वनिक्षेपकाचा संरोध (प्रत्यावर्ती म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या प्रवाहास होणारा एकूण विरोध) या तीन गोष्टींवर अवलंबून असते. विवर्धक किती वॉटचा आहे किंवा तार किती किंमतीची आहे यांवरून जाडी ठरविण्याची प्रथा आढळते. परंतु ती शास्त्रीय दृष्ट्या बरोबर नाही.

घरातील लहान खोलीत तारेची लांबी थोडी असल्याने निवडीतील चूक सहसा लक्षात येत नाही. मोकळ्या मैदानावर मात्र ती ताबडतोब जाणवते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात व गावोगावचे पुढारी आपापल्या यात्रेसाठी तमाशाची सुपारी देण्यास तेथे येतात. कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरील पिंपरी पेंढार व त्याच्या आसपासची गावे याच परिसरात मोडतात. चैत्र-वैशाखातील यात्रा, तंबूतील तमाशे, बैलगाड्यांच्या शर्यती, कीर्तन-सप्ताह आणि ग्रामसभा या सर्व प्रसंगी मानवी आवाज शेकडो वा हजारो लोकांपर्यंत न्यावा लागतो आणि विवर्धकापासून ध्वनिक्षेपकापर्यंतचे अंतर पुष्कळदा शंभर मीटरांच्या घरात जाते.

ऐतिहासिक माहिती : संवाहकातून वाहणारा प्रवाह, विद्युत् दाब व रोध यांतील संबंध जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. तारेची जाडी ठरविण्याच्या सर्व पद्धतींचा पाया हाच नियम होय. १८८१ मध्ये विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी विद्युत् वाहक तारेची सर्वांत किफायतशीर जाडी कोणती, या प्रश्नाचा विचार केला. तारेत वाया जाणाऱ्या शक्तीची वार्षिक किंमत आणि तारेवर गुंतविलेल्या भांडवलाचा वार्षिक खर्च हे समान होतील अशी जाडी सर्वांत काटकसरीची असते, असे त्यांनी दाखविले. तार फार बारीक असल्यास शक्ती वाया जाते, फार जाड असल्यास पैसा वाया जातो, हा त्यातील विचार ध्वनिक्षेपक तारेलाही लागू पडतो.

चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यावर आधारलेल्या आधुनिक ध्वनिक्षेपकाची रचना चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात विद्युत् साहाय्याने मोठा केलेला आवाज रेडिओ, फिरते चित्रपट व सभा यांच्या द्वारे हळूहळू पोहोचला. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या सहकार्याने पुणे, अहमदनगर, नासिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सु. १५० खेड्यांत रेडिओ-श्रोतेमंडळांचा प्रयोग केला. त्यात शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा व त्यावर चर्चा करावी, अशी योजना होती. पूर्वी तमाशातील गायकास ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज यांच्या वरताण आवाज उघड्या मैदानात स्वतःच्या गळ्याने पोहोचवावा लागे. ध्वनिक्षेपक आल्यावर हे काम यंत्राकडे गेले आणि त्याबरोबरच तारेचा प्रश्नही उपस्थित झाला.

रोध व छेदक्षेत्र : तारेचा रोध तिच्या लांबीच्या सम प्रमाणात व छेदक्षेत्राच्या (आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या) व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी दुप्पट केल्यास रोध दुप्पट होतो; छेदक्षेत्र दुप्पट केल्यास तो निम्मा होतो. १ चौ. मिमी. छेदक्षेत्राच्या १ मी. लांब तांब्याच्या तारेचा रोध २०° से. तापमानास सु. ०·०१७२ ओहम असतो. प्रवाहास ध्वनिक्षेपकाकडे जाण्यासाठी एक व परत येण्यासाठी दुसरी तार लागत असल्याने रोध काढताना अंतराची दुप्पट धरावी लागते. यावरून पुढील सोपे सूत्र मिळते :

जाण्यायेण्याचा रोध (ओहम) = ०·०३४५ × अंतर (मी.) ÷ छेदक्षेत्र (चौ. मिमी.)

दुपटीचा हा मुद्दा विसरला जाणे ही व्यवहारातील सर्वांत सामान्य चूक आहे. तापमान वाढल्यास तांब्याचा रोध दर अंश से.ला सु. ०·३९ टक्के वाढतो. म्हणून २०° से.ऐवजी ४०° से. तापमानास तो सु. ८ टक्क्यांनी अधिक भरतो. उन्हाळ्यात दिवसा होणाऱ्या कार्यक्रमांसाठी एवढी तूट हिशेबात धरणे इष्ट असते.

एक-विसांश नियम : तार व ध्वनिक्षेपक हे एकसरीत जोडलेले असल्यामुळे विवर्धकाने दिलेला विद्युत् दाब त्या दोहोंत त्यांच्या संरोधांच्या प्रमाणात वाटला जातो. जाण्यायेण्याच्या तारेचा रोध ध्वनिक्षेपकाच्या निर्धारित संरोधाच्या एक-विसांशाहून (५ टक्क्यांहून) अधिक नसावा, असा नियम सर्वसाधारण कामासाठी पुरेसा मानतात. ८ ओहम संरोधाच्या ध्वनिक्षेपकासाठी ही मर्यादा ०·४ ओहम व ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकासाठी ०·२ ओहम येते. ही मर्यादा गाठली, तरी ध्वनीच्या पातळीतील घट केवळ सु. ०·४ डेसिबेल असते व ती कानास जाणवत नाही. यावरून निरनिराळ्या जाडीच्या तारांनी गाठावयाचे कमाल अंतर काढता येते. ते पुढील कोष्टकात दिले आहे.

कोष्टक : तांब्याची तार, २०° से. तापमान, ५ टक्के मर्यादा

| छेदक्षेत्र (चौ. मिमी.) | १० मी. अंतरासाठी जाण्यायेण्याचा रोध (ओहम) | ८ ओहमसाठी कमाल अंतर (मी.) | ४ ओहमसाठी कमाल अंतर (मी.) |
|---|---|---|---|
| ०·५ | ०·६९ | ५·८ | २·९ |
| ०·७५ | ०·४६ | ८·७ | ४·३ |
| १·० | ०·३४५ | ११·६ | ५·८ |
| १·५ | ०·२३ | १७·४ | ८·७ |
| २·५ | ०·१३८ | २९·० | १४·५ |
| ४·० | ०·०८६ | ४६·४ | २३·२ |

घरातील दिवाणखान्यात ६ मी. अंतरावर ८ ओहमचा ध्वनिक्षेपक असल्यास ०·७५ चौ. मिमी.ची साधी तार पुरते. ४ ओहमचा असल्यास १·५ चौ. मिमी.ची घ्यावी लागते. या कोष्टकात विवर्धकाच्या वॉटचा कोठेही उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शक्ती वाढली, तर तारेत वाया जाणारी व ध्वनिक्षेपकास मिळणारी शक्ती सारख्याच पटीने वाढते. त्यांचे प्रमाण बदलत नाही. प्रवाह अतिशय मोठा असल्यास तार तापण्याचा विचार करावा लागतो. परंतु लांब तारेच्या बाबतीत ती तापण्याच्या कितीतरी आधीच रोधामुळे होणारी घट त्रासदायक ठरते.

नादगुणावरील परिणाम : ध्वनिक्षेपकावर लिहिलेला ४, ८ किंवा १६ ओहम हा आकडा केवळ नाममात्र असतो. प्रत्यक्ष संरोध कंप्रतेनुसार (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येनुसार) बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो निर्धारित आकड्याच्या ८० टक्क्यांहून कमी होऊ नये असा संकेत आहे. मात्र काही कंप्रतांना तो अनेक पटींनी वाढू शकतो. संरोध कमी असेल तेथे तारेतील घट जास्त व अधिक असेल तेथे घट कमी होते. उदा., एखाद्या ध्वनिक्षेपकाचा संरोध ६ ते ३० ओहम या मर्यादांत बदलत असल्यास ०·४ ओहम रोधाच्या तारेमुळे निरनिराळ्या कंप्रतांच्या पातळींत पडणारा फरक अर्ध्या डेसिबेलहून कमी असतो. २ ओहम रोधाच्या तारेने तोच फरक सु. २ डेसिबेलपर्यंत जातो. म्हणजे बारीक व लांब तार आवाज नुसता कमी करीत नाही, तर त्याचा तोलही बिघडविते. ढोलकीचा घुमारा व झांजेची किणकिण यांचे परस्पर प्रमाण त्यामुळे बदलू शकते.

ध्वनिक्षेपकाचा पडदा हलू लागल्यावर तो वेळीच थांबणेही आवश्यक असते. विवर्धकाच्या अल्प अंतर्गत रोधामुळे पडद्याच्या नको असलेल्या हालचालीस आळा बसतो. यास संदमन म्हणतात. तारेचा रोध वाढल्यास संदमन कमी होते. तथापि ध्वनिक्षेपकातील वेटोळ्याचा स्वतःचा रोधच काही ओहम असल्याने वर सांगितलेली मर्यादा पाळल्यावर यात होणारा फरक नगण्य असतो.

तारेची प्रवर्तकता (बदलत्या प्रवाहास विरोध करण्याचा गुणधर्म) व उच्च कंप्रतेचा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागाकडे एकवटण्याचा परिणाम यांचाही पुष्कळदा उल्लेख केला जातो. मानवी कानास ऐकू येणाऱ्या कंप्रतेची वरची मर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ आहे. या कंप्रतेस तांब्यात प्रवाह सु. ०·४७ मिमी. खोलीपर्यंत प्रामुख्याने वाहतो. जवळजवळ ठेवलेल्या दोन संवाहकांच्या १० मी. जोडीची प्रवर्तकता ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाच्या पातळीत दशांश डेसिबेलपेक्षाही कमी फरक पाडते. म्हणून घरगुती अंतरासाठी या दोन्ही गोष्टी दुर्लक्षणीय होत. आवश्यक छेदक्षेत्राची साधी तांब्याची तार घेतल्यानंतर ‘ऑक्सिजनविरहित’ तांबे, चांदीचा मुलामा वा विशिष्ट विणकर यांसाठी दिलेल्या जादा किंमतीचा मोबदला आवाजात मिळत नाही.

लांब अंतरावरील योजना : बैलगाड्यांची शर्यत हे लांब तारेचे चांगले उदाहरण आहे. जुन्नर व आंबेगाव भागात ज्या सरळ धावपट्टीवर गाडे पळतात, तिला घाट म्हणतात. गाडा घाट किती सेकंदांत पार करतो यावर निकाल लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयाने या शर्यती बंद पडल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांस सशर्त परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. घाटाच्या दोन्ही बाजूंस दाटीने लोक उभे असतात. गाडा सुटण्यापूर्वी धावपट्टी मोकळी करण्याची सूचना वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सर्वांना स्पष्ट ऐकू गेली पाहिजे. ती अर्धवट ऐकू आल्यास माणसे उधळत्या बैलांपुढे सापडण्याचा धोका असतो. येथे तारेच्या जाडीचा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

अशा एखाद्या घाटावर विवर्धक एका टोकास असून १०० मी. अंतरावर प्रत्येकी ८ ओहमचे चार कर्णे (भोंग्याच्या आकाराचे ध्वनिक्षेपक) अनेकसरी पद्धतीने जोडले आहेत व तार १ चौ. मिमी.ची आहे, असे धरू. चार कर्ण्यांचा एकत्रित संरोध २ ओहम होतो. विवर्धक २० व्होल्ट दाब देत असल्यास तारेत काहीही घट नसताना प्रत्येक कर्ण्यास ५० वॉट, म्हणजे एकूण २०० वॉट शक्ती मिळाली असती. परंतु तारेचा जाण्यायेण्याचा रोध ३·४५ ओहम, म्हणजे कर्ण्यांच्या संरोधापेक्षा जास्त आहे. त्यामुळे प्रवाह १० अँपिअरऐवजी सु. ३·७ अँपिअर इतकाच वाहतो. प्रत्येक कर्ण्यास सु. ६·७ वॉट व चौघांस मिळून सु. २७ वॉट शक्ती मिळते, तर नुसत्या तारेत सु. ४६ वॉट शक्तीची उष्णता होते. ध्वनीची पातळी जवळजवळ ९ डेसिबेलने घसरते व ऐकणाऱ्यास आवाज सु. निम्म्यावर आल्यासारखा वाटतो.

अशा वेळी चालक विवर्धकाचा आवाज वाढवितो. विवर्धक आपल्या क्षमतेबाहेर गेल्यावर ध्वनितरंगांचे माथे कापले जातात व आवाज कर्कश होतो. बोलण्यातील अर्थ मुख्यतः व्यंजनांनी कळतो आणि विकृतीमुळे प्रथम व्यंजनेच ओळखेनाशी होतात. गोंगाट वाढतो, पण शब्द कळत नाही. तमाशातील बतावणीत सोंगाड्याचा विनोद एखाद्या अक्षराच्या फिरवाफिरवीवर उभा असतो. ते अक्षर हरवले की मागच्या रांगेतील प्रेक्षक नुसते पुढच्यांचे हसणे ऐकतात. वगातील संवाद असो अथवा बिबट्याच्या वावराविषयी गावास दिलेली सूचना असो, दोहोंची अडचण सारखीच असते.

वरील उदाहरणात केवळ जाडी वाढवून एक-विसांश नियम पाळावयाचा झाल्यास रोध ०·१ ओहमपर्यंत खाली आणावा लागेल. त्यासाठी ३४·५ चौ. मिमी. छेदक्षेत्राची तार लागेल व २०० मी. लांबीच्या अशा संवाहकात सु. ६२ किग्रॅ. तांबे असेल. हे कोणत्याही गावास परवडणारे किंवा उचलून नेण्यासारखे नाही.

उच्च दाबाची पद्धत : यावरील उपाय विद्युत् शक्तीच्या प्रेषणात फार पूर्वीपासून वापरात आहे. खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून १९१५ पासून मुंबईस वीज नेण्यात आली, ती उच्च दाबानेच. दाब वाढविला म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि प्रवाह निम्मा झाला की तारेतील घट एक-चतुर्थांश होते. सार्वजनिक ध्वनियंत्रणेसाठी बनविलेल्या विवर्धकांत याच तत्त्वावर ७० व १०० व्होल्ट दाबाची जोडणी दिलेली असते. प्रत्येक कर्ण्याजवळ एक छोटे रोहित्र (दाब बदलणारे साधन) बसवून दाब पुन्हा कर्ण्यास योग्य इतका खाली आणतात.

वरील चार कर्णे अशा १०० व्होल्ट पद्धतीने जोडल्यास ५० वॉटचा प्रत्येक कर्णा तारेला २०० ओहमचा व चार मिळून ५० ओहमचे दिसतात. एक-विसांश नियमाने तारेचा रोध २·५ ओहमपर्यंत चालतो व त्यासाठी छेदक्षेत्र सु. १·४ चौ. मिमी. लागते. बाजारात मिळणारी १·५ चौ. मिमी.ची तार घेतल्यास प्रत्येक कर्ण्यास सु. ४५·७ वॉट शक्ती पोहोचते व तारेत सु. ८ वॉट वाया जाते. रोहित्रातील अल्प घट यात धरलेली नाही. या तारेत तांबे सु. २·७ किग्रॅ. असते. दाब पाचपट झाल्याने लागणारे छेदक्षेत्र एक-पंचविसांश झाले, असे यावरून दिसते. म्हणून अंतर काही दशक मीटरांपलीकडे गेले की जाड तार शोधण्याऐवजी दाब वाढविणे हाच योग्य मार्ग ठरतो.

या पद्धतीचा दुसरा फायदा असा की, कर्णे एके ठिकाणी न ठेवता तारेवर जागोजागी बसविता येतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सु. ६ डेसिबेलने उतरते. एकाच ठिकाणच्या मोठ्या भोंग्याने दूरच्या माणसास ऐकू जाण्याइतका आवाज काढल्यास जवळच्या माणसास तो असह्य होतो. लहान लहान कर्णे श्रोत्यांजवळ ठेवल्यास सर्वांना सारखे व मंद आवाजातही स्पष्ट ऐकू येते. चार समान कर्णे तारेवर समान अंतरावर असल्यास शेवटच्या कर्ण्यापर्यंत होणारी दाबाची घट, ते सर्व टोकास असताना होणाऱ्या घटीच्या सु. ६२ टक्के असते. त्यामुळे तीच तार आणखी लांब नेता येते. सर्व कर्ण्यांच्या वॉटची बेरीज विवर्धकाच्या निर्धारित शक्तीपेक्षा अधिक होणार नाही, याची मात्र काळजी घ्यावी लागते. तसेच कमी ओहमच्या जोडणीवरील कर्णे व रोहित्रयुक्त कर्णे एकाच तारेवर मिसळू नयेत.

श्रोत्यांजवळ आवाज नेण्याच्या या पद्धतीस कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपकाच्या वापरास लेखी परवानगी लागते व उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात त्याचा वापर करता येत नाही. वर्षातून कमाल १५ दिवस सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाजाची पातळी परिसरासाठी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबेलने अधिक किंवा ७५ डेसिबेल यांपैकी जी कमी असेल, तिच्यापलीकडे जाऊ नये असे बंधन आहे.

तारेची ओळख : लवचिक तारेत अनेक बारीक तारा पिळलेल्या असतात. वेष्टनावर अथवा गुंडाळीवर लिहिलेल्या ‘२४/०·२’ या संकेताचा अर्थ ०·२ मिमी. व्यासाच्या २४ तारा असा असून त्यांचे एकूण छेदक्षेत्र ०·७५ चौ. मिमी. भरते, ‘३२/०·२’ म्हणजे १ चौ. मिमी. होय. जुन्या मालावर व पुस्तकांत ब्रिटिश प्रमाण तारमापक क्रमांक आढळतो. तो ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायदेशीर प्रमाण होता. आयात मालावर अमेरिकन क्रमांक असतो. दोन्हींत क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते, परंतु दोहोंचे आकडे सारखे नाहीत. १६ क्रमांकाची ब्रिटिश मापाची तार सु. २·०८ चौ. मिमी.ची, तर त्याच क्रमांकाची अमेरिकन तार सु. १·३१ चौ. मिमी.ची असते. म्हणून खरेदी करताना चौरस मिलिमीटरचा आकडा पाहणे सर्वांत सुरक्षित होय. बाहेरचे प्लॅस्टिकचे वेष्टन जाड असले म्हणजे आतील धातूही जाड असतो असे नाही.

तांब्याचा पातळ थर दिलेली ॲल्युमिनियमची तार वजनाने हलकी व स्वस्त असते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या सु. १·६ पट असतो. ती वापरावयाची असल्यास कोष्टकातील छेदक्षेत्राला १·६ ने गुणावे. एखादी बारीक तार चाकूने खरवडल्यास आत पांढुरका धातू दिसतो, यावरून ती ओळखता येते. अशी तार वारंवार वाकविल्यास लवकर तुटते. त्यामुळे रोज उभारणी व उतरणी होणाऱ्या तंबूच्या कामास ती सोयीची नसते.

जोडणी व सुरक्षितता : योग्य जाडीची तारही सैल किंवा गंजलेल्या जोडामुळे निरुपयोगी ठरते, वाईट जोडाचा रोध कित्येक मीटर तारेपेक्षा जास्त असू शकतो. जोड स्वच्छ करून घट्ट पिळावेत अथवा स्क्रूने आवळावेत व त्यांवर निरोधक पट्टी गुंडाळावी. सुट्या राहिलेल्या एखाद्या बारीक तारेने दोन्ही संवाहक एकमेकांस टेकल्यास विवर्धक बिघडतो. एकाहून अधिक ध्वनिक्षेपक असताना सर्वांची धन व ऋण टोके एकाच क्रमाने जोडावीत; अन्यथा एकाचा पडदा पुढे जात असताना दुसऱ्याचा मागे जातो व विशेषतः खर्जातील आवाज परस्परांस मारक ठरतात.

शंभर व्होल्टची तार घरगुती विजेच्या तारेइतकीच जपून हाताळावी. ती उघडी ठेवू नये, ओल्या जमिनीवरून किंवा लोखंडी पत्र्यावरून नेऊ नये, रस्ता ओलांडताना पुरेशा उंचीवर बांधावी व विजेच्या खांबांचा आधार घेऊ नये. विवर्धक बंद केल्याखेरीज जोडात बदल करू नये.

अलीकडील प्रवृत्ती : विवर्धक ध्वनिक्षेपकाच्या पेटीतच बसविण्याची पद्धत आता मोठ्या प्रमाणावर रूढ झाली आहे. अशा पेटीपर्यंत अल्प शक्तीचा ध्वनिसंदेश व घरगुती वीज या दोनच गोष्टी न्याव्या लागतात आणि लांब ध्वनिक्षेपक तारेची गरज उरत नाही. मात्र त्यामुळे तारेच्या जाडीचा प्रश्न संपत नाही. तो वीज पुरविणाऱ्या तारेकडे सरकतो व तेथेही ओहमचा नियम तसाच लागू पडतो. मंदिर, शाळा, स्थानक, बाजार समिती आणि शर्यतीचा घाट अशा विस्तृत जागी, जेथे अनेक लहान कर्णे लागतात, तेथे १०० व्होल्टची साधी, दुरुस्तीस सोपी पद्धत अजूनही उपयुक्त आहे.

सारांश, तार निवडताना प्रथम अंतर मोजावे, नंतर सर्व ध्वनिक्षेपकांचा एकत्रित संरोध काढावा, त्याचा एक-विसांश घ्यावा आणि त्या रोधास पुरेल एवढे छेदक्षेत्र सूत्राने ठरवावे. उत्तर ४ चौ. मिमी.हून बरेच जास्त येऊ लागल्यास तारेऐवजी पद्धत बदलावी. [⟶ ध्वनिक्षेपक, विद्युत् रोध, विवर्धक].